आधी कुठला कागद? फोंडा तालुक्यातलं नाव आणि लिंगनोंद बदलण्याचं एक प्रकरण

ती माझ्याकडे आली ती नाव बदलायला नव्हे. जून २०२३ चा महिना होता आणि पॅन आधारशी जोडण्याची मुदत ३० जूनला संपत होती. हजार रुपये शुल्क भरूनही तिची जोडणी होत नव्हती. आडनावाचं स्पेलिंग जुळत नाही, असा संदेश दर वेळी येत होता. मी मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो आणि आता फोंड्यात लोकांचे अर्ज लिहून देतो. असे घोळ रोजचेच, म्हणून तिचे सगळे कागद मागून घेतले. ते टेबलावर पसरले तेव्हा कळलं की दुरुस्ती नुसत्या स्पेलिंगची नाही.

अर्जदार सत्तावीस वर्षांची ट्रान्स स्त्री, म्हणजे जन्मनोंदीत मुलगा, पण स्वतः स्त्री म्हणून जगणारी. औषधांच्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरी. घरी आई आणि थोरला भाऊ. वडील वारलेले. काही वर्षांपासून डॉक्टरांच्या देखरेखीखाली हार्मोनचे उपचार चालू. कारखान्यात, गावात, घरात सगळे तिला नव्या नावाने हाक मारत होते. जुनं नाव उरलं होतं ते फक्त कागदांवर. तिचं नाव मी इथे लिहिणार नाही, जुनं तर नाहीच, नवंही नाही. गोवा लहान आहे, नावावरून घर सापडतं. हे प्रकरण लिहायला तिने संमती दिली आहे आणि मजकूर आधी वाचला आहे. यातले नियम २०२३ आणि २०२४ मध्ये लागू होते तसे दिले आहेत; कुणी अर्ज करणार असेल तर त्याने त्या दिवशी कुठले नियम लागू आहेत ते पाहूनच करावा.

कागद काय सांगत होते

तिचं आडनाव गोव्यात कुठल्याही गावात सापडेल असं. देवनागरीत एकच, पण रोमन लिपीत तीन तऱ्हांनी लिहिलेलं. आमच्याकडे हे नेहमीचं आहे. नाईक हे आडनाव एका दाखल्यावर ‘के’ने संपतं आणि दुसऱ्यावर पोर्तुगीज वळणाने ‘क्यू-यू-ई’ने. तिच्या जन्मनोंदीत जुनं पोर्तुगीज वळण होतं, दहावी-बारावीच्या प्रमाणपत्रांवर आणि आधारवर आजचं, तर पॅनवर तिसरंच काहीतरी.

पत्त्यातही अडचण होती. आधार काढलं तेव्हा फोंडा तालुका उत्तर गोवा जिल्ह्यात होता. २०१५ मध्ये तो दक्षिण गोव्यात गेला. माणूस त्याच घरात, त्याच वाड्यावर राहिला, जिल्हा मात्र बदलला. तिच्या आधारवर अजून उत्तर गोवाच छापलेलं होतं. एरवी याने कुणाचं काही अडत नाही. पण पुढे ज्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा होता, त्यांच्या हद्दीत सलग बारा महिने राहत असल्याचं दिसायला हवं होतं, आणि आता ते जिल्हा दंडाधिकारी मडगावचे होते.

सगळ्यात नाजूक गोष्ट आधारच्या नोंदींच्या इतिहासात दडलेली होती. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. जन्मतारीख एकदा, लिंग एकदा. त्यापलीकडचा बदल आधार देणाऱ्या प्राधिकरणाच्या प्रादेशिक कार्यालयाच्या खास मंजुरीनेच होतो, आणि गोव्यासाठी ते कार्यालय मुंबईला. तिने २०२० मध्ये वडिलांच्या नावातली एक चूक दुरुस्त करून घेतली होती. मधलं नाव हाही नावाचाच भाग, म्हणून दोनपैकी एक संधी तिथे गेली होती. तिला हे ठाऊक नव्हतं. जवळच्या सेवा केंद्रात तिला सांगितलं होतं की आधारचं स्पेलिंग पॅनसारखं करून घे, लगेच लिंक होईल. तसं केलं असतं तर उरलेली संधी एका अक्षरापायी संपली असती.

मी म्हटलं, “बाय, आधारला हात लावू नको. पॅन बदलू.”

पॅनच्या दुरुस्तीला शुल्क लागतं, पण आयुष्यभराची मोजणी तिथे नाही. आधी पॅनवरचं आडनाव आधारप्रमाणे करून घेतलं, नाव जुनंच ठेवून. मग जोडणी झाली. तिला हे आवडलं नव्हतं. “जे नाव टाकून द्यायचं आहे त्याच नावाचं कार्ड परत पैसे भरून का घ्यायचं, काका?” हा तिचा प्रश्न रास्त होता. पण १ जुलैपासून न जोडलेला पॅन निष्क्रिय होणार होता आणि पगारातून जास्त दराने कर कापला जाणार होता. नावाच्या बदलाला काही महिने लागणार हे स्पष्ट दिसत होतं. तोवर घर चालायला हवं होतं.

कायद्याने काय दिलं आहे

इथे थोडं थांबून कायदा सांगतो, कारण पुढच्या प्रत्येक खिडकीवर तो सांगावा लागला.

१५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या याचिकेवर निकाल दिला. न्यायमूर्ती राधाकृष्णन आणि न्यायमूर्ती सिक्री यांचं ते पीठ. आपलं लिंग काय हे ठरवण्याचा अधिकार त्या व्यक्तीचा आहे, आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालणं बेकायदा आहे, असं त्यात स्वच्छ म्हटलं आहे. त्यानंतर २०१९ चा ट्रान्सजेंडर व्यक्ती हक्क संरक्षण कायदा आला. तो १० जानेवारी २०२० पासून लागू झाला आणि त्याच वर्षी सप्टेंबरात नियम आले. नोव्हेंबरात केंद्राचं पोर्टल सुरू झालं, म्हणजे अर्ज घरबसल्या करता येऊ लागला.

या कायद्याखाली तेव्हा दोन तऱ्हेची प्रमाणपत्रं मिळत. पहिलं, स्वतःच्या घोषणेवर. अर्ज, प्रतिज्ञापत्र आणि ओळखीचे कागद द्यायचे. वैद्यकीय किंवा शारीरिक तपासणी करायची नाही, असं नियमातच लिहिलं होतं. जिल्हा दंडाधिकारी तीस दिवसांत प्रमाणपत्र आणि ओळखपत्र देत, आणि त्यावर लिंग ‘ट्रान्सजेंडर’ असं येई. दुसरं, सुधारित प्रमाणपत्र. त्यावर ‘स्त्री’ किंवा ‘पुरुष’ येई. त्यासाठी ज्या रुग्णालयात उपचार झाले तिथल्या वैद्यकीय अधीक्षकांचं किंवा मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांचं पत्र लागे.

या दुसऱ्या प्रमाणपत्राबद्दल एक गोष्ट फार थोड्या लोकांना माहीत असते. कायद्याच्या सातव्या कलमात शब्द आहे शस्त्रक्रिया. २०२० च्या नियमांत मात्र ‘वैद्यकीय उपचार’ असं म्हटलं आहे, आणि त्याच्या व्याख्येत समुपदेशन आणि हार्मोनचे उपचारही घेतलेले आहेत. ज्याला शस्त्रक्रिया परवडत नाही, झेपत नाही किंवा नकोच आहे, त्याच्यासाठी ही व्याख्या फार मोलाची. अशा माणसाने नियमांचं ते पान छापून अर्जाला जोडावं, असं मी तेव्हा आग्रहाने सांगत असे.

‘ट्रान्सजेंडर’ की ‘स्त्री’

खरा पेच इथे होता आणि आमचा सगळ्यात जास्त वेळ इथेच गेला.

पहिलं प्रमाणपत्र हातात आल्यावर तिला आधारवर नाव आणि लिंग दोन्ही बदलता आलं असतं. हे प्रमाणपत्र आधारसाठी मान्य कागदांच्या यादीत आहे. पण लिंगाची संधी एकच. आज ‘ट्रान्सजेंडर’ करून घेतलं आणि पुढे सुधारित प्रमाणपत्रावर ‘स्त्री’ आलं, की आधारचा दुसरा बदल मुंबईच्या मंजुरीवर जाणार. आणि आधार अडलं की पॅन, भविष्य निर्वाह निधी, बँक असं त्याला जोडलेलं सगळं त्याच्यामागे अडणार.

अनेकांना ‘ट्रान्सजेंडर’ हीच आपली ओळख वाटते आणि ती नोंद ते अभिमानाने घेतात. त्यांच्यापुढे हा प्रश्न येतच नाही. एकच अर्ज, एकच बदल, काम संपलं. तिचं तसं नव्हतं. ती म्हणाली, “मी बाई आहे. मला तेच लिहिलेलं हवं.” शस्त्रक्रियेचं तिने आधीच ठरवलं होतं, त्यासाठी पैसे साठवत होती, पुढच्या वर्षी मुंबईच्या एका रुग्णालयात करायची असा बेत होता. हार्मोनच्या उपचारांवरच सुधारित प्रमाणपत्र मागता आलं असतं का, हेही आम्ही पाहिलं. तिचे उपचार एका खाजगी डॉक्टरांच्या क्लिनिकमध्ये चालू होते. तिथे वैद्यकीय अधीक्षक असं पदच नव्हतं, तेव्हा नियमाला हवी ती सही आणायची कुठून?

शेवटी ठरलं ते असं. पहिलं प्रमाणपत्र आताच घ्यायचं, पण आधारवर त्याचा उपयोग फक्त नाव बदलण्यापुरता करायचा. लिंगाच्या रकान्याला हात लावायचा नाही. शस्त्रक्रियेनंतर सुधारित प्रमाणपत्र आलं की लिंगाची एकमेव संधी तेव्हा वापरायची.

याची किंमत तिने मोजली. मधले काही महिने तिच्या आधारवर बाईचं नाव आणि त्याखाली ‘पुरुष’ असं लिहिलेलं होतं. कुठेही ओळखपत्र दाखवताना, सिमकार्ड घेताना, बँकेत, समोरच्याची नजर कार्डावरून तिच्या चेहऱ्यावर आणि परत कार्डावर जायची. आधी सगळं ‘ट्रान्सजेंडर’ करून टाकलं असतं तर हा त्रास कमी झाला असता. मी दोन्ही बाजू तिच्यापुढे ठेवल्या आणि निर्णय तिचा होता. अर्ज लिहून देणाऱ्याने एवढंच करावं असं मला वाटतं. कुणी किती सोसायचं हे टेबलाच्या अलीकडे बसून ठरवता येत नाही.

कारखान्याने मात्र वाट पाहायला लावली नाही. पहिलं प्रमाणपत्र दाखवल्याबरोबर गेटपास, हजेरीपट, लॉकरवरची चिठ्ठी, सगळीकडे नवं नाव आलं. मालकाच्या स्वतःच्या नोंदींना आधारची वाट बघायची गरज नसते. हे बऱ्याच कचेऱ्यांच्या लक्षात येत नाही, त्यांच्या आलं.

पोर्टलवरचा अर्ज सोपा गेला, कारण तयारी आधी झाली होती. आधारवरच्या पत्त्याला बदलाची मर्यादा नाही, म्हणून तो सगळ्यात आधी ऑनलाइन दुरुस्त करून दक्षिण गोवा करून घेतला. सोबत पंचायतीचा रहिवासी दाखला जोडला. प्रतिज्ञापत्र स्टॅम्पपेपरवर, नोटरीसमोर. त्यात मी एक वाक्य मुद्दाम घातलं: जुन्या नावाची आणि नव्या नावाची व्यक्ती एकच आहे, आणि ज्या ज्या कागदांवर जुनं नाव आहे त्यांची यादी अशी अशी. गोव्यात याला सगळे सेम पर्सन ॲफिडेव्हिट म्हणतात. पुढे प्रत्येक ठिकाणी प्रमाणपत्राच्या जोडीला हेच लागलं. चवथीनंतर प्रमाणपत्र आणि ओळखपत्र पोर्टलवर आलं, ते घरीच उतरवून घेतलं.

जन्मनोंद

जन्मनोंदीचं काम सगळ्यात अवघड होतं, आणि अवघड का होतं हे समजायला गोव्याची रीत माहीत हवी.

आमच्याकडे नाव बदलायचं तर १९९० चा गोवा नाव आणि आडनाव बदल कायदा आहे. त्या रीतीने गेलं की राजपत्राच्या तिसऱ्या मालिकेत सूचना छापून येते: अमुक राहणार तमुक यांना आपलं नाव असं असं बदलायचं आहे, कुणाची हरकत असल्यास तीस दिवसांत कळवावी. बाहेरून आलेल्यांनी गोमंतकीय नावं घेऊन कागद करू नयेत म्हणून पुढे हा कायदा आणखी कडक झाला. ती काळजी मी समजू शकतो. मामलेदार कचेरीत मीही तसले अर्ज पाहिले आहेत. पण ट्रान्स व्यक्तीसाठी ही सूचना म्हणजे जुनं नाव, नवं नाव आणि गाव एका ओळीत छापून सगळ्यांपुढे ठेवणं. आणि हरकत घेण्याचं निमंत्रण कुणालाही, शेजाऱ्यालाही. तिच्या आईला भीती होती ती याच ओळीची. “पेपरात नको गे,” एवढंच ती म्हणत राहिली.

२०१९ च्या केंद्रीय कायद्याने यातून वाट दिली आहे. ज्याच्याकडे प्रमाणपत्र आहे त्याला जन्मदाखल्यातलं आणि ओळखीच्या इतर सर्व सरकारी कागदांतलं पहिलं नाव बदलण्याचा हक्क सातव्या कलमाच्या तिसऱ्या पोटकलमात सरळ दिला आहे. नियमांत पुढे असंही आहे की कागद देणाऱ्या कार्यालयाने अर्ज आल्यापासून पंधरा दिवसांत बदल करून द्यायचा, आणि नव्या कागदाचा क्रमांक जुनाच ठेवायचा. यात हरकती मागवण्याची भानगड कुठेच नाही. तिला पहिलंच नाव बदलायचं होतं, वडिलांचं नाव आणि आडनाव तेच. म्हणून आम्ही १९९० च्या रीतीने गेलोच नाही.

तिचा जन्म शेजारच्या तालुक्यातल्या इस्पितळात झाला, म्हणून नोंद तिथली. जन्म जिथे होतो तिथेच नोंदला जातो. त्या कार्यालयात आम्हाला आधी साफ नकार मिळाला. राजपत्र आणा, मग बघू. खिडकीवरची बाई वाईट नव्हती. तिच्यापुढे असा अर्ज आधी कधी आला नव्हता. २०११ च्या जनगणनेत सगळ्या गोव्यात ‘इतर’ या रकान्यात ३९८ माणसं होती. एखाद्या कारकुनाच्या उभ्या नोकरीत असा एखादाही अर्ज येत नाही, मग परिपत्रक कुणी वाचलेलं असणार?

मी आयुष्यभर खिडकीच्या आतल्या बाजूला बसलो आहे. तिथून नाही म्हणणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा द्वेष नसतो, ऑडिटची धास्ती असते. उद्या साहेबांनी विचारलं की कुठल्या आधारावर नाव बदललंस, तर फाइलला काय लावू? म्हणून मी वाद घातला नाही. अर्जासोबत कायद्याचं कलम, नियमाचं पान आणि नियमांच्या जोडपत्रातली कागदांची यादी, जिच्यात जन्मदाखला आहे, हे सगळं लावलं. प्रत्येकावर तिची सही, पानांना क्रमांक. अर्जाच्या शेवटी विनंती केली की मंजूर करता येत नसल्यास कारण लेखी द्यावं. आवक-जावक विभागात देऊन दुय्यम प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतली. लेखी नकार द्यायचा तर कलम लिहावं लागतं, आणि असं कलम नव्हतं. फाइल वर गेली, वरून विचारणा झाली, आणि काम झालं. पंधरा दिवसांत नाही झालं, बरेच लांबलं. पण राजपत्राशिवाय झालं.

आडनावाच्या जुन्या स्पेलिंगचा अर्ज वेगळा द्यावा लागला, कारण २०१९ चा कायदा पहिल्या नावापुरताच आहे. ती दुरुस्ती जन्ममृत्यू नोंदणी कायद्याच्या पंधराव्या कलमाखाली झाली. या कलमाची रीत अशी की नोंदवहीतली मूळ नोंद खोडत नाहीत, समासात दुरुस्ती लिहून अधिकारी सही आणि तारीख घालतो. हे ऐकल्यावर तिने विचारलं, “म्हणजे जुनं नावही त्या वहीत कायमचं राहणार?” हो, राहणार. मी तिला खोटा धीर दिला नाही. तिच्या हातात मिळणाऱ्या दाखल्यावर नवं नाव आहे, आणि ती जुनी वही कुणी उठसूट उघडून बघत नाही. पण ती नोंद आहे, आणि तिचं तिला वाईट वाटलं हेही खरं आहे.

बाकीचे कागद

आधारवर नाव बदललं ते पहिल्या प्रमाणपत्रावर, उरलेली एक संधी वापरून. अर्जातलं एकेक अक्षर बटण दाबण्याआधी तिघांनी वाचलं: तिने, तिच्या भावाने आणि मी.

२०२४ च्या सुरुवातीला शस्त्रक्रिया झाली. रुग्णालयाने वैद्यकीय अधीक्षकांच्या सहीचं पत्र दिलं. निघण्यापूर्वीच ते मागून घ्यायला मी सांगितलं होतं, नाहीतर एका सहीसाठी परत मुंबई. सुधारित प्रमाणपत्रावर ‘स्त्री’ आलं. आधारवर लिंग बदललं, मग पॅन. पॅनच्या अर्जात तिसरा पर्याय २०१८ च्या एप्रिलमध्ये आला. त्याआधी आधारवर ट्रान्सजेंडर असलेल्यांना पॅनवर स्त्री किंवा पुरुष यांतलंच काहीतरी निवडावं लागे आणि जोडणी तिथेच फसे. तिला त्या पर्यायाची गरज पडली नाही. भविष्य निर्वाह निधीच्या खात्यासाठी तिची आणि मालकाची सही असलेलं संयुक्त घोषणापत्र गेलं. मतदार यादीसाठी फॉर्म आठ, त्यात नाव, लिंग, फोटो एकाच अर्जात. ड्रायव्हिंग लायसन्स त्याहून सोपं.

बँकेत मात्र अडलं. एका अधिकाऱ्याने शस्त्रक्रियेचे कागद मागितले. का? तर खात्री करून घ्यायची आहे. ती गप्प राहिली आणि उठून बाहेर आली. तिने मला फोन केला तेव्हा तिचा आवाज चढला होता, आणि मला तिचा राग योग्यच वाटला. माणसाच्या शरीरावरचे टाके बँकेच्या काउंटरवर दाखवायची वस्तू नाही. आम्ही शाखा व्यवस्थापकांना पत्र लिहिलं: प्रमाणपत्र जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी दिलं आहे, तोच ओळखीचा पुरावा आहे, वैद्यकीय कागद मागण्याचा अधिकार कुठल्या नियमाने आहे ते लेखी कळवावं. उत्तर आलं नाही, खात्यावरचं नाव बदललेलं आलं.

अशा वेळी काय द्यायचं आणि काय द्यायचं नाही याची एक सवय लावून घ्यावी. रुग्णालयाचं पत्र एकदाच वापरायचं, जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडच्या अर्जात. त्यानंतर कुणी मागितलं तरी सुधारित प्रमाणपत्र पुढे करायचं. कागद एकदा झेरॉक्स होऊन कुणाच्या तरी ड्रॉवरमध्ये गेला की तो परत येत नाही.

भावाचा प्रश्न

भाऊ तिच्या बाजूने होता, पण त्याच्या मनात एक शंका होती आणि ती त्याने फार उशिरा बोलून दाखवली. वडिलांच्या माघारी घर आणि थोडं कुळागर, म्हणजे पोफळीची बाग, दोघांच्या नावावर होतं, जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यात तिचं जुनं नाव. आता ती कागदोपत्री बहीण झाली तर हिश्श्याचं काय होणार? काही नातेवाइकांनी त्याला काहीबाही सांगून ठेवलं होतं.

काहीच होत नाही. गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेल्या वारसा कायद्यात मुलगा आणि मुलगी यांचा हक्क सारखाच आहे. आईवडिलांच्या मालमत्तेतला अर्धा भाग मुलांसाठी राखीव, आणि त्यात लिंगावरून फरक नाही. मुलगा म्हणून नोंद असताना तिचा जेवढा हक्क होता, तेवढाच मुलगी म्हणून आहे. हे समजल्यावर उताऱ्यात नाव बदलण्याच्या अर्जासोबत ना-हरकत म्हणून सही त्याने स्वतःहून केली. कायद्याने तिची गरज नव्हती. मी ती ठेवली, कारण तलाठ्याच्या फाइलला असा कागद कधी वाया जात नाही.

काय राहिलं

दहावी आणि बारावीची प्रमाणपत्रं हे लिहीपर्यंत झालेली नाहीत. शाळेच्या दाखल नोंदवहीत जे नाव तेच प्रमाणपत्रावर, अशी शिक्षण मंडळांची जुनी शिस्त आहे. ३ जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय शिक्षण मंडळाच्या एका प्रकरणात नाव हा व्यक्तीच्या ओळखीचा भाग असल्याचं सांगून प्रमाणपत्रावरचं नाव बदलण्याची वाट मोकळी केली, आणि २०२० च्या नियमांच्या जोडपत्रात शैक्षणिक प्रमाणपत्रंही आहेत. हे दोन्ही आधार देऊन अर्ज गेला आहे. आधी शाळेची नोंद, मग मंडळ, असा क्रम ठेवला. नोकरी चालू आहे, त्यामुळे आज घाई नाही. पण तिला पुढे शिकायचं आहे, आणि प्रवेशाच्या वेळी जुन्या नावाचं प्रमाणपत्र काढायची पाळी येऊ नये म्हणून दर महिन्याला ती अर्जाचा क्रमांक देऊन विचारणा करते.

पुढचा अर्ज पासपोर्टचा. तिने तो पूर्वी कधी काढला नव्हता, त्यामुळे बदलायचं असं काही नाही, नवाच मिळेल. त्या अर्जात ‘तुम्ही कधी नाव बदललं आहे का’ असा एक प्रश्न असतो. तिला तो वगळायचा होता. मी सांगितलं आहे की ‘हो’ लिही, जुनं नाव त्याच रकान्यात भर आणि सुधारित प्रमाणपत्राची प्रत जोड. जन्मदाखला, आधार, पॅन, मतदार ओळखपत्र आता एकाच नावाचे आणि एकाच स्पेलिंगचे आहेत.